बाटलीला रंग कशाला?

आमची भाची टाकून दिलेल्या वस्तूंमधून लोकांची घरं सजवते. हा तिचा धंदा आहे. कुणी छंद म्हटलं की ती चिडते. आमचे हे, म्हणजे तिचे मामा, पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका वखारीत हिशेब लिहायचे. लाकूड घनफुटांत मोजायची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. लग्नाला गेले तरी कार्यालयाच्या दाराला टिचकी मारून बघतात. दोघांनाही जुन्या वस्तूंबद्दल बोलायला आवडतं, म्हणून दोघांचं पटत असेल असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात एकाही वस्तूवर त्यांचं एकमत होत नाही. या खेपेला निमित्त झालं ते वाड्याच्या एका दाराचं. जे ऐकलं ते लिहिते आहे. मधेमधे मीही बोलले आहे, कारण गप्प बसणं मला जमत नाही.

भाची : मामा, दाराचा फोटो बघितलास ना? पाडलेल्या वाड्यातलं आहे. गिऱ्हाइकाला त्याचं जेवायचं टेबल करून हवंय. वर काच, खाली लोखंडी पाय.

मामा : बघितला. बर्मा साग दिसतोय. कितीला घेतलंस ते सांगू नकोस, मला रात्री झोप लागणार नाही.

भाची : पैशाचं सोड. ते वाचलं हे महत्त्वाचं. नाहीतर गेलं असतं कुठल्यातरी भट्टीत.

मामा : बर्मा सागाचं दार भट्टीत कोण घालतं? अगं, वाडा पाडायचा ठेका घेणारा आधी आत फिरून तुळया, खांब, कडीपाट बघून येतो. लाकडाचा मनातल्या मनात भाव करतो आणि मग मालकाशी बोलायला बसतो. वाडा चांगला असला तर पाडायचे पैसे मागत नाही, उलट मालकालाच देतो. तुळया चिरून नव्या चौकटी होतात, फळ्यांची कपाटं होतात. जुना साग पडून राहिलाय असं मी कधी बघितलं नाही. तू ते दार वाचवलं नाहीस. दुसऱ्या गिऱ्हाइकापेक्षा चार पैसे जास्त टाकून विकत घेतलंस.

भाची : म्हणजे सुतारानं घेतलं तर धंदा आणि मी घेतलं तर ढोंग?

मामा : ढोंग नाही म्हटलं. पुण्य म्हणू नकोस, एवढंच.

पुढे ह्यांचा बर्मा साग सुरू झाला. तो सुरू झाला की मी कुकर लावते, शिट्ट्या होईपर्यंत संपत नाही. पण ऐकण्यासारखा असतो. 1863 साली स्थापन झालेलं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, झाडाच्या बुंध्याला गोल खाच मारून ते उभंच वाळू देण्याची तिथली पद्धत (ओला साग पाण्यावर तरंगत नाही, म्हणून), हत्तींनी नदीपर्यंत ओढत आणलेले ओंडके, इरावतीच्या पात्रातून बंदरापर्यंतचा प्रवास, तिथून बोटीनं मुंबई. सागात मुळातच तेल असतं म्हणून वाळवी सहसा लागत नाही. सिलिका असते म्हणून करवतीचे दात बोथट होतात. त्यानंतर ते लाकूड वाड्यात कितीतरी पावसाळे काढतं, जेवढं आकसायचं तेवढं आकसून घेतं, आणि मग बाक धरत नाही. 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारनं सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हा तर जुन्या मालाचा भाव आणखी चढला. मुंबईत जोगेश्वरीला, किंवा गुजरातमध्ये अलंगच्या रस्त्यावर, जिथे तोडलेल्या जहाजांतली टेबलं-कपाटं विकायला मांडतात, तिथेही लोक साग शोधतच येतात. थोडक्यात, ह्यांच्या मते भाचीचं दार कधी कचरा नव्हतंच.

भाची : बरं, दार कचरा नव्हतं. मग कचरा काय आहे ते मी सांगते. माझ्या त्याच गिऱ्हाइकानं दाराची जागा करायला टीव्हीचं युनिट बाहेर काढलं. चारपाच वर्षांचं असेल. पार्टिकल बोर्ड. म्हणजे लाकडाचा चुरा आणि रसायनाचा डिंक, दाबून केलेली फळी, वर लाकडाच्या चित्राचा कागद. फरशी पुसताना पाणी लागलं आणि खालून पावासारखं फुगलं. स्क्रू काढून परत लावला तर धरत नाही. सुतार हात लावत नाही, भंगारवाला नेत नाही. आणि लोक नवीन घरात हौसेनं भरतात ते हेच.

मामा : हे मात्र शंभर टक्के.

भाची : मग माझी बाजू समजून घे ना. लोकांना जुन्या वस्तूची गोडी लागली तर पुढच्या खेपेला ते असलं युनिट आणणार नाहीत. दाराचं टेबल हे नुसतं टेबल नाही, ती सवय आहे.

मामा : सवय लागेल त्याला परवडलं तर.

इथे दोघंही थोडे थांबले, कारण दोघांनाही ठाऊक आहे की पार्टिकल बोर्ड घेणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला पुढच्या महिन्यात घरभरणी करायची असते आणि हप्ते चालू असतात. सागाचं कपाट त्याला हवंच असतं.

भाची : परवडणारंही मी करते. पॅलेटची बैठक. कारखान्यात माल ठेवायच्या त्या लाकडी चौकटी असतात ना, त्या घासून, पॉलिश करून. तरुण जोडपी तीच मागतात.

मामा : (हसत) पॅलेट! आमच्याकडे देवदारी खोक्यांची मांडणी होती. चहाची, औषधांची खोकी पेठेतल्या दुकानात यायची, रिकामी झाली की वडील मागून आणायचे. एकावर एक ठेवली की झालं कपाट. आईनं पुढे जुन्या पातळाचा पडदा लावला होता. पाहुणे जिना चढायला लागले की आधी पडदा नीट आहे ना ते बघायचं. तुळस डालड्याच्या डब्यात. शेगडी फुटक्या बादलीला माती लिंपून केलेली. 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा शनिवार पेठेत चिखलातून दोन खुर्च्या निघाल्या, कुणाच्या होत्या देव जाणे, त्या वडिलांनी धुऊन घरात घेतल्या.

त्यातल्या एका खुर्चीवर मीही बसले आहे. एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा असायचा. नव्या सुनेला कुणी सांगितलं नव्हतं.

मामा : आम्ही जे पडद्याआड ठेवलं ते तू पैसे घेऊन दिवाणखान्यात मांडतेस. मला राग नाही येत. फक्त गंमत वाटते.

भाची : पण पडदा लावायची लाज कुणी शिकवली तुम्हाला? आज सुखवस्तू घरात खोक्याचं कपाट उघड्यावर आलं, तर ज्याच्या घरात नाइलाजानं तसं आहे त्याला कशाला झाकावंसं वाटेल?

मामा : वाटेल. तुमच्या खोक्याशेजारी चांगला दिवा असतो, वर दोन इंग्रजी पुस्तकं असतात. बघणाऱ्याला लगेच कळतं की हे मुद्दाम केलंय. त्याच्याकडे त्याच खोक्यात तांदूळ असतात.

या ठिकाणी मी ह्यांच्या बाजूची. निवडून वापरलेलं जुनं आणि दुसरं काही नाही म्हणून वापरलेलं जुनं, दोन्हींचा फोटो सारखा येतो, पण घरात शिरलं की पहिल्या पावलाला फरक कळतो. भाचीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, लाज पिढीगणिक कमी होत जाते आणि मामा स्वतःच्या पिढीबद्दल बोलतोय. तेही खोटं नाही.

पॅलेटबद्दल ह्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवून कीड मारलेली असते; एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, आणि ते विष आहे. एमबीचं लाकूड घरात आणायचं नाही. भाचीला हे आधीपासून माहीत होतं. तिनं उलट त्यांनाच विचारलं की वाड्याच्या दारावर जुना ऑइलपेंट असेल तर तू कोरडाच घासतोस का? आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपर्यंत आणायचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. घासताना पाणी मारायचं, तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावायचा, लहान मुलांना तिथे फिरकू द्यायचं नाही. हे गप्प बसले. त्यांनी हयातभर कोरडंच घासलेलं बघितलं होतं.

मग विषय बाटल्यांवर गेला आणि खरी जुंपली.

मामा : मागच्या दिवाळीत तू आम्हाला भेट दिलीस ती बाटली. सुतळी गुंडाळलेली, सोनेरी रंग, आत दिव्यांची माळ.

भाची : आवडली नाही का?

मामा : ती बिअरची बाटली होती. भंगारवाल्याकडे गेली असती तर तिथून गोळा करणाऱ्याकडे, तिथून परत कारखान्यात. धुऊन पुन्हा भरली असती. अशा किती फेऱ्या तिच्या व्हायच्या होत्या. तू फेव्हिकॉल लावलास, रंग मारलास. आता ती धुऊन भरता येत नाही, काच म्हणून वितळवायला द्यायची तर आधी सुतळी आणि रंग खरवडा. चालत्या वस्तूला तू बसवून ठेवलंस. आणि नाव काय, तर अपसायकलिंग.

भाची : एका बाटलीनं काय होतं?

मामा : एका बाटलीचा प्रश्नच नाही. तू काय उचलतेस ते बघ. काचेच्या बाटल्या, पितळी दिवे, लोखंडी शिवणयंत्राचे पाय, साग. हे सगळं भंगारवाला पैसे देऊन घेतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली ती याच मालावर पोट असणाऱ्यांची. जे कुणालाच नको आहे, ते तुझ्या दुकानात दिसत नाही. बिस्किटांची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थर्मोकोल. ते दिसायला वाईट म्हणून?

हा घाव बसला. भाची जरा वेळ बोलली नाही, मग जे बोलली ते मला आवडलं.

भाची : पाकिटांचं काम करणारे आहेत. इथेच पुण्यात रीचरखावाले प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं धुऊन, पट्ट्या कापून चरख्यावर आणि मागावर विणतात, त्याच्या पिशव्या नि चटया होतात. मला ते जमत नाही, कारण त्याला माणसं लागतात, माग लागतो, पाणी लागतं. माझ्याकडे एक सुतार आणि मी. पण बाटलीचं तू म्हणालास ते मला मान्य आहे. बाटल्या बंद.

मामा : एवढ्या लवकर?

भाची : हो. पण मग नियम सांग. काय उचलायचं, काय नाही? नुसतं भंगारवाला घेतो ते नको, असं चालणार नाही. त्यानं साग पण जातो, पितळ पण जातं.

मामा : नियम माझ्याकडे एकच. तुझ्यानंतर त्या वस्तूचं काय होणार? दारावर काच ठेवलीस, खाली घोडे लावलेस, कड्या-कोयंडे पिशवीत घालून फळीखाली बांधून ठेवलेस, तर उद्या ते परत दार होऊ शकतं. मधोमध चिरलंस, रेझिन ओतलंस, की ते शेवटचं.

मी मधे पडले, कारण यात आमच्या बायकांचं काम ह्यांनी स्वतःच्या नावावर खपवलं होतं. गोधडी याच नियमावर चालते. नऊवारी विरायला लागलं की त्याची बाळाची दुपटी होतात, दोन-चार पातळं आणि एखादं धोतर एकावर एक घालून कडेनं धावदोरा घालत आत गेलं की गोधडी. गोधडी फाटली की ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते, कुठे वाकळ म्हणतात त्याला. तीही विरली की पायपुसणं, शेवटी चुलीचं भांडं उचलायचं फडकं. मधल्या कुठल्याच टप्प्यावर कुणी त्यावर असं काही चिकटवलं नाही की पुढचा टप्पा अडेल. जे गोधडीत बसायचं नाही ते बोहारणीला, त्याच्या बदल्यात पातेलं. हे सगळं सांगितलं तर भाची म्हणाली, मामी, गोधडी आता मोठमोठ्या दुकानांत नव्या कापडाची करून विकतात. मला ठाऊक आहे. ती ऊबही वेगळी असते.

भाची : पण मामा, तुझ्या नियमात एक खोट आहे. तुमचा जुना बंब घे. तांब्याचा. मी त्याला भोक पाडून दिवा बसवला तर तू म्हणशील, बंब मेला.

मामा : अर्थात मेला.

भाची : तो आधीच मेलेला होता. गॅसचा गीझर आला त्या दिवशी. तुझ्या साखळीत त्याचं पुढचं पाऊल काय? तांबं म्हणून वजनावर जायचं. वितळायचं आणि तार व्हायचं. धातू वाचला, पण तांबट आळीत कुणीतरी हातोडीनं मठारकाम करून त्याला पोट आणलं होतं, ते गेलं. कसबा पेठेत ती कारागिरी पेशवाईपासून चालत आलीय. मी दिवा केला तेव्हा ती ठोक्यांची नक्षी राहिली. तुझा नियम वजन वाचवतो, हात वाचवत नाही.

मामा : ...

हे कधी निरुत्तर होतात ते मला कळतं. चष्मा काढून पुसतात. मला वाटतं भाचीचं इथे बरोबर आहे. लाकूड, काच, तांबं यांना पुढचा जन्म असतो, पण घडणावळीला नसतो. एखाद्या वस्तूत घडणावळ जास्त आणि वापर संपलेला असेल, तर तिला शोभेची करून ठेवणं यात काही गैर नाही. फक्त अशा वस्तू थोड्या असतात. बिअरची बाटली त्यात बसत नाही, बंब बसतो, पाटा-वरवंटा माझ्या मते बसत नाही कारण तो अजून चटणी वाटतो.

मामा : ठीक. बंब तुझा. पण मग मला एक सांग, ज्याची घडणावळ पण नाही आणि भंगारवाला पण घेत नाही, अशा वस्तूंवर हुशारी कोण चालवणार? आपल्याच इमारतीची गच्ची बघ. खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर फुटक्या पांढऱ्या फरश्यांच्या चायना चिप्स. पाणी मुरत नाही, ऊन परतवतं. गवंड्यानं केलंय, कुणी फोटो काढत नाही.

भाची : नेकचंदांनी काढायला लावले की. चंदीगडला रस्त्याच्या कामावर निरीक्षक होते, फुटक्या बांगड्या, कपबश्या, बांधकामाचा राडारोडा गोळा करून जंगलात गुपचूप बाग उभी केली. 1976 साली लोकांना खुली झाली.

मामा : ती बाग होती. तुला लोकांच्या खोल्या भरायच्या आहेत.

भाची : खोल्यांतलंच सांगते मग. गादी.

मामा : गादीला पिंजारी आहे.

भाची : कापसाच्या गादीला होता. दारावर यायचा, कापूस पिंजून नवी खोळ घातली की गादी परत उशाएवढी फुगायची. फोमच्या गादीला कोण आहे? खचली की रस्त्याच्या कडेला उभी. भिजली की तिथेच कुजत राहते. भंगारवाला घेत नाही, कचऱ्याच्या गाडीत मावत नाही. तुझ्या दोन्ही कसोट्यांवर उतरते की नाही?

मामा : उतरते. मग घे ना तिचं काहीतरी करायला.

भाची : करून बघितलंय. वरचा खराब थर कापून टाकला, आतला चांगला फोम बारीक करून बैठकीच्या लोडांत भरला. लोड झकास झाले. गिऱ्हाइकानं विचारलं आत काय आहे. मी खरं सांगितलं. परत पाठवले.

मामा : पण दार घेतलं!

भाची : दार चाललं. वाड्यातल्या कितीतरी माणसांनी उघडलं-लावलं असेल, त्यावर जेवायची तयारी आहे. गादीवर कोण झोपलं होतं हे मात्र आडवं येतं.

मामा : आणि दुकानात रिबॉन्डेड म्हणून जी गादी मिळते ती कशाची असते? फोमच्या कातरणांचीच, दाबून चिकटवलेली. त्यावर झोपतातच ना.

भाची : ती कारखान्याची कातरणं. माणसाच्या अंगाखालची नाहीत.

मामा : (पेन्सिल शोधत) थांब, हिशेब मांडू. फोम फुकट. टेम्पोचं भाडं तुझं. खोळ आणि शिलाई तुझी. नव्या लोडापेक्षा निम्म्यात देता आले तर हॉस्टेलवाले, अभ्यासिकावाले घेतील, ते इतकं विचारत नाहीत. कडक उन्हात चार दिवस ठेव म्हणजे ढेकूण-बिकूण राहणार नाही. आणि नाहीच कुणी घेतले, तर पहिले दोन आपल्या दिवाणावर ठेव.

मी : आपल्या दिवाणावर नको हं.